कामगार संघटनेतून सार्वजनिक व्यावसायिक शिक्षणाच्या नेतृत्वाकडे

कामगार संघटनेत वर्षानुवर्षे काम केलेल्या कार्यकर्त्याने सरकारी तंत्रशिक्षण संस्थेचे, शिकाऊ उमेदवारी मंडळाचे किंवा संपूर्ण प्रशिक्षण विभागाचे नेतृत्व करावे का, याविषयी मालकवर्गात आणि कधीकधी खुद्द संघटनेतही शंका व्यक्त होते. प्रत्यक्षात ही परंपरा जुनी आहे. ऑस्ट्रेलियातील धातुकामगारांचे नेते लॉरी कारमायकल १९८७ मध्ये तेथील कामगार संघटनांच्या मध्यवर्ती परिषदेचे सहायक सचिव झाले आणि १९९२ मध्ये त्यांच्या नावाने ओळखला जाणारा अहवाल त्या देशातील व्यावसायिक प्रशिक्षणाच्या फेररचनेतला महत्त्वाचा टप्पा ठरला. फ्रान्समध्ये झाक दलोर हे ख्रिस्ती कामगार संघटनेच्या चळवळीत घडले, आणि नोकरीत असलेल्या माणसालाही शिकण्याचा मार्ग खुला करणारा तेथील १९७१ चा कायदा आजही त्यांच्या नावाशी जोडला जातो. ब्राझीलचे लुला दा सिल्व्हा लेथवरचे काम शिकलेले कामगार होते. ते १९७५ मध्ये धातुकामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले आणि पुढे राष्ट्राध्यक्ष असताना, २००८ च्या कायद्याने, ३८ संघीय शिक्षण संस्थांचे जाळे उभे राहिले.

हा लेख या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या कार्यकर्त्यासाठी आहे. वाट चालताना ज्या एका गोष्टीचा विसर पडू नये असे मला वाटते ती सुरुवातीलाच सांगतो. संघटनेत तुम्ही सभासदाचे प्रतिनिधी असता. तो वर्गणी भरतो, मत देतो, तुमच्यावर नाराज झाला तर सभेत उठून बोलतो. व्यावसायिक शिक्षणात ज्याच्या वतीने तुम्हाला उभे राहायचे असते तो सोळा-सतरा वर्षांचा प्रशिक्षणार्थी किंवा नोकरी सुटलेला चाळिशीतला कामगार अजून कोणाचाच सभासद नसतो, त्याचे मागणीपत्र कोणी लिहिलेले नसते आणि त्याचे नुकसान झाले तरी ते बऱ्याचदा त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. या न बोलणाऱ्या माणसाची बाजू धरण्याची सवय ज्याने लावून घेतली, त्याच्या संघटनेतल्या अनुभवाचा इथे मोठा उपयोग होतो.

कामाच्या ठिकाणापासून सुरुवात

पदाचा विचार करण्यापूर्वी आपल्याच कारखान्यातील किंवा आस्थापनेतील शिकाऊ उमेदवारांकडे जावे. ते दिवसभर काय करतात, याची नोंद काही आठवडे ठेवावी. अनेक ठिकाणी असे आढळते की फिटरचे काम शिकण्यासाठी आलेला मुलगा महिनोन्‌महिने माल हलवतो, सफाई करतो किंवा एकाच यंत्रावर एकच क्रिया करत राहतो, आणि करारात लिहिलेल्या कामांपैकी निम्म्या कामांना त्याचा हातही लागलेला नसतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२३ मध्ये दर्जेदार शिकाऊ उमेदवारीविषयी स्वीकारलेली शिफारस क्रमांक २०८ या तपासणीसाठी चांगली कसोटी पुरवते. लेखी करार आहे का, मोबदला मिळतो का, कामावरचे शिक्षण आणि कामाबाहेरचे शिक्षण दोन्ही होते का, शेवटी मान्यताप्राप्त अर्हता मिळते का, अपघात आणि आजारपणात संरक्षण आहे का, हे प्रश्न त्या शिफारशीच्या आधाराने व्यवस्थापनापुढे मांडता येतात आणि त्यांना केवळ संघटनेची मागणी म्हणून बाजूला सारता येत नाही.

काही देशांत या कामाला कायद्याचे बळ आहे. जर्मनीत १९७२ च्या कायद्याने कामगारांच्या कारखाना मंडळाला व्यावसायिक प्रशिक्षणाच्या अंमलबजावणीत बोलण्याचा हक्क दिला. ब्रिटनमध्ये २००२ च्या कायद्याने संघटनेच्या शिक्षण-प्रतिनिधींना, म्हणजे सहकाऱ्यांच्या शिकण्याकडे लक्ष देणाऱ्या कार्यकर्त्यांना, या कामासाठी पगारी वेळ मिळू लागला. जेथे असा हक्क नाही तेथे तो सामूहिक करारात एक कलम म्हणून मिळवावा, कारण पगारवाढीच्या वाटाघाटीत असे कलम तुलनेने कमी संघर्षात पदरात पडते आणि त्यातून तुम्हाला पुढील अनेक वर्षांचा अभ्यास करण्याची अधिकृत जागा मिळते.

याच काळात स्वतः शिकवण्याचा अनुभव घ्यावा. संघटनेचे अभ्यासवर्ग घेणे आणि कार्यशाळेत वीस जणांच्या तुकडीला मापन शिकवणे यांत फार अंतर आहे. संध्याकाळच्या वर्गात तासिका तत्त्वावर का होईना, एक-दोन सत्रे शिकवावे आणि प्रशिक्षकाची जी अधिकृत अर्हता आपल्या देशात लागते ती मिळवावी. पुढे निदेशकांसमोर, म्हणजे कार्यशाळेत शिकवणाऱ्या प्रशिक्षकांसमोर, उभे राहाल तेव्हा तुमचे संघटनेतले पद नव्हे, तर तुम्ही कधी हातात मायक्रोमीटर घेऊन कुणाला शिकवले आहे का, हेच ते पाहतील.

अभ्यासक्रमाच्या समितीत

नेतृत्वाची खरी शाळा म्हणजे अभ्यासक्रम किंवा व्यवसाय-मानके ठरवणारी समिती. डेन्मार्कमध्ये प्रत्येक व्यवसायाच्या समितीत मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असतात आणि शिक्षणाचा आशय तेच ठरवतात. जर्मनीत १९६९ च्या व्यावसायिक प्रशिक्षण कायद्यानंतर १९७० मध्ये स्थापन झालेल्या संघीय संस्थेच्या मुख्य समितीत मालक, कामगार, राज्ये आणि केंद्र सरकार या चार बाजूंना सारखीच मते आहेत. प्रशिक्षणाचे नियम तेथे शक्यतो एकमताने होतात. एकमताची ही पद्धत वेळखाऊ असते, तरीही ती श्रेष्ठ आहे असे माझे ठाम मत आहे, कारण ज्या अर्हतेवर मालक आणि कामगार दोघांचीही सही असते तिला बाजारात किंमत येते आणि सरकार बदलले म्हणून ती एका रात्रीत रद्द होत नाही.

अशा समितीत जाताना तयारी कशी करावी? प्रथम त्या व्यवसायातील अनुभवी कामगार, तीन-चार वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेले तरुण आणि पर्यवेक्षक यांच्याशी स्वतंत्रपणे बोलावे, आणि प्रत्यक्ष कामाची यादी तयार करावी. ‘कामगाराला वेल्डिंग येते’ हे वाक्य मानकात निरुपयोगी असते. कोणत्या जाडीचा पत्रा, कोणती स्थिती, कोणती पद्धत, जोड कशाने तपासायचा आणि चूक झाल्यास काय करायचे, इतके त्यात लिहिलेले असावे. त्यानंतर यादीतील प्रत्येक बाबीपुढे ती कारखान्यात शिकवता येईल की संस्थेच्या कार्यशाळेत, हे लिहावे. ज्या बाबी दोन्हीकडे शिकवल्या जाणार नाहीत, त्यांच्यावरच समितीत भांडायचे असते.

येथे दोन ओढाताणी होतात. मालकाच्या प्रतिनिधीला बहुधा आपल्या यंत्रापुरते, लवकर संपणारे, स्वस्त प्रशिक्षण हवे असते. अशी तुकड्यातुकड्यांची प्रमाणपत्रे घेतलेला माणूस ते यंत्र बंद पडले की पुन्हा अकुशल ठरतो. म्हणून व्यवसायाचा संपूर्ण पाया, गणित, रेखाचित्र वाचन, सुरक्षितता आणि कामगार कायद्याची ओळख या गोष्टींवर तुम्हाला ठाम राहावे लागते. दुसरी ओढाताण आपल्याच बाजूने येते आणि ती ओळखणे अधिक अवघड असते. जुन्या कुशल कामगारांची संघटना प्रवेशाच्या जागा मर्यादित ठेवू पाहते, महिलांना किंवा प्रौढांना दार उघडायला कुरकुरते, प्रशिक्षणाची मुदत केवळ संख्या रोखण्यासाठी लांबवते. जगभरच्या कारागीर संघटनांच्या इतिहासात याची उदाहरणे विपुल आहेत. मजुरी टिकवण्याची त्यामागची भीती खरी असते आणि तिची चेष्टा करू नये, पण तिचे उत्तर करारातल्या वेतनश्रेणीने द्यावे. कारमायकल आणि त्यांचे सहकारी यांनी अर्हता आणि वेतनश्रेणी एकमेकांशी जोडण्याचा आग्रह धरला, तो याच कारणाने उपयोगी होता: शिकलेल्या माणसाला वरची पायरी मिळणार असेल तर दुसऱ्याचे शिकणे हा धोका वाटत नाही.

अंदाजपत्रक वाचायला शिका

संघटनेतून आलेल्या नेत्यांची सर्वात मोठी उणीव बहुधा येथे दिसते, म्हणून या भागावर जरा जास्त वेळ घालवतो. पगाराच्या वाटाघाटीत आपण कंपनीचा ताळेबंद वाचायला शिकतो, पण सार्वजनिक प्रशिक्षण संस्थेचा पैसा वेगळ्या पद्धतीने वाहतो. तो तीन-चार वाटांनी येतो: सरकारी अनुदान, उद्योगांवरचा प्रशिक्षण उपकर, प्रशिक्षणार्थीचे शुल्क आणि संस्थेने बाहेरून केलेल्या कामाचे उत्पन्न. उपकराची उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. ब्रिटनने १९६४ मध्ये औद्योगिक प्रशिक्षण मंडळांना उद्योगांकडून उपकर घेण्याचा अधिकार दिला. दक्षिण आफ्रिकेत वेतनपटाच्या १ टक्का इतका कौशल्य उपकर आहे आणि तो खर्च करणाऱ्या, उद्योगक्षेत्रवार नेमलेल्या मंडळांवर मालक व कामगार संघटना दोन्ही बसतात. ब्राझीलमध्ये १९४२ पासून चालणारी औद्योगिक शिकाऊ उमेदवारीची यंत्रणा उद्योगांच्या सक्तीच्या वर्गणीवर चालते, परंतु तिचा कारभार उद्योगांच्या महासंघाकडे आहे. तेव्हा उपकर कोण भरतो याबरोबरच तो खर्च कोण करतो, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारावा.

खर्चाच्या बाजूला पगार, कच्चा माल, यंत्रांची देखभाल, घसारा आणि इमारत असे ठळक भाग असतात. काटकसरीचा आदेश आला की पहिला बळी कच्च्या मालाचा आणि देखभालीचा जातो, कारण त्यावर कोणी मोर्चा काढत नाही. परिणाम मात्र थेट प्रशिक्षणार्थीच्या हातावर होतो. समजा, वीस जणांच्या तुकडीला प्रात्यक्षिकासाठी ३०० मिनिटे आहेत आणि दहा लेथ चालू आहेत. प्रत्येकाला यंत्रावर १५० मिनिटे मिळतात. देखभाल थांबली आणि सहाच लेथ उरल्या, तर तोच वेळ ९० मिनिटांवर येतो. वेळापत्रक, हजेरी, निकालपत्र यांत काहीच बदललेले दिसत नाही. वेल्डिंगमध्ये इलेक्ट्रोड आणि पत्रा कमी पडला तर निदेशक स्वतः एक जोड करून दाखवतो आणि बाकीचे बघतात. म्हणून प्रत्येक व्यवसायासाठी ‘दर प्रशिक्षणार्थी यंत्रावरचा प्रत्यक्ष वेळ’ आणि ‘दर प्रशिक्षणार्थी वापरलेला कच्चा माल’ हे दोन आकडे दर सत्रात मोजून घ्यावेत आणि अंदाजपत्रकाच्या चर्चेत पगाराच्या आकड्याशेजारीच ठेवावेत.

निधी वाटपाची पद्धतही नीट समजून घ्यावी. विद्यार्थी जेथे जाईल तेथे पैसा, या तत्त्वाने सार्वजनिक आणि खासगी संस्थांना एकाच रांगेत उभे केले की कमी यंत्रे लागणारे, वर्गात बसून शिकवता येणारे अभ्यासक्रम भराभर वाढतात, आणि महागडी कार्यशाळा लागणारे व्यवसाय सार्वजनिक संस्थेकडे उरतात. ऑस्ट्रेलियात १९७४ च्या कांगन समितीच्या अहवालाने सार्वजनिक तांत्रिक शिक्षणाला स्वतःची ओळख आणि राष्ट्रीय निधी मिळवून दिला होता. त्याच देशात पुढे २००९ पासून व्हिक्टोरिया राज्याने मागणीनुसार निधी देण्याचे धोरण आणले, आणि विद्यार्थ्यांना कर्ज देणाऱ्या एका राष्ट्रीय योजनेचा अनेक खासगी संस्थांनी इतका गैरवापर केला की ती २०१६ च्या अखेरीस बंद करावी लागली. ज्यांना कधी शिकवलेच गेले नाही अशा लोकांच्या नावावर कर्ज चढले होते. स्पर्धेने दर्जा वाढतो असे सांगणाऱ्या प्रस्तावासमोर हा अनुभव मांडावा, आणि त्याच वेळी आपल्या संस्थेतील रिकाम्या जागा, जुनाट अभ्यासक्रम आणि संध्याकाळी बंद राहणारी कार्यशाळा यांचाही हिशेब द्यावा. आपली बाजू तेव्हाच विश्वासार्ह ठरते.

पद स्वीकारल्यावर

नियुक्ती झाली की संघटनेतील पदाचा राजीनामा लगेच आणि लेखी द्यावा. सभासदत्व ठेवावे की नाही हे देशाच्या नियमांवर आणि तुमच्या विवेकावर सोपवतो, परंतु ज्या संघटनेचे तुम्ही पदाधिकारी होता तिच्याशी होणाऱ्या वाटाघाटीत काही काळ स्वतः बसू नये आणि त्या बैठकांची इतिवृत्ते खुली ठेवावीत. जुने सहकारी दुखावतील. त्यांना एकदा भेटून स्पष्ट सांगणे हे टाळत राहण्यापेक्षा बरे.

निदेशकांची संघटना आता टेबलाच्या पलीकडे असते. येथे दोन टोकांचा मोह होतो. काही जण आपण किती निःपक्षपाती झालो हे दाखवण्यासाठी निदेशकांशी अकारण कठोर वागतात. काही जण प्रत्येक मागणी मान्य करून टाकतात आणि वर्षअखेरीस यंत्रांसाठी पैसा उरत नाही. यापेक्षा मागण्यांची विभागणी करणे मला योग्य वाटते. निदेशकाच्या ज्या मागणीने प्रशिक्षणार्थीचेही भले होते, जसे की कंत्राटी नेमणुकांऐवजी कायम पदे, तुकडीचा मर्यादित आकार, तयारीसाठी वेळ, ठरावीक काळाने उद्योगात जाऊन नवे तंत्र शिकण्याची पगारी रजा, ती लढवून मिळवावी. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पगारी शैक्षणिक रजेविषयी करार क्रमांक १४० स्वीकारला, त्याचा आधार निदेशकांसाठीही घेता येतो. ज्या मागणीने प्रशिक्षणार्थीचे नुकसान होते, उदाहरणार्थ संध्याकाळच्या तुकड्यांना सरसकट विरोध, तिला कारण देऊन नकार द्यावा आणि नकाराबरोबर पर्याय ठेवावा.

पहिले काही महिने कार्यालयापेक्षा कार्यशाळेत जास्त घालवावेत. मोडीत निघण्याची वाट पाहणारी यंत्रे कोणती, पेट्या न उघडता ठेवलेले साहित्य कोणते, सुरक्षा-चष्मे आणि हातमोजे पुरेसे आहेत का, आपत्कालीन बंद बटणे चालतात का, मुलींसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची जागा आहे का, हे स्वतः पाहावे. कारखान्यातील अपघातांची प्रकरणे हाताळलेल्या कार्यकर्त्याची नजर येथे फार उपयोगी पडते, आणि संस्थेत पहिल्या दिवसापासून लागलेली सुरक्षिततेची सवय त्या तरुणाबरोबर आयुष्यभर जाते.

गळतीचा प्रश्न हातात घेताना कारणे विचारण्याची पद्धत बदलावी. अर्जावर ‘वैयक्तिक कारण’ एवढेच लिहिलेले असते. सोडून गेलेल्यांपैकी शक्य तितक्यांशी बोलले तर प्रवासाचा खर्च, उशिरा मिळणारे विद्यावेतन, गणितात मागे पडल्याची लाज, घरची जबाबदारी किंवा शिकाऊ उमेदवारीच्या ठिकाणी झालेला अपमान अशी कारणे पुढे येतात. यांतील बहुतेक कारणांवर संस्थेच्या पातळीवर काही तरी करता येते. विद्यावेतन वेळेवर मिळावे यासाठी प्राचार्याने केलेला आठवड्याचा पाठपुरावा हा कोणत्याही प्रेरणादायी भाषणापेक्षा अधिक मुले टिकवून ठेवतो.

प्रौढ कामगारांसाठी पूर्वी मिळवलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची व्यवस्था लवकर सुरू करावी; आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००४ च्या शिफारस क्रमांक १९५ मध्ये तिचा स्पष्ट पुरस्कार आहे. वीस वर्षे बांधकामावर काम केलेल्या माणसाला पहिल्या धड्यापासून बसवू नये. त्याच्याकडून प्रत्यक्ष काम करवून घ्यावे, येते त्याची नोंद करावी आणि उरलेले तेवढेच शिकवावे. मात्र ही मान्यता शुल्क घेऊन वाटलेल्या कागदात बदलू नये म्हणून परीक्षक संस्थेबाहेरचा असावा.

उद्योगांशी वागताना वाटाघाटीचा अनुभव थेट कामी येतो. जागा देणाऱ्या मालकाचे आभार मानत राहण्याची सवय सार्वजनिक संस्थांना जडलेली असते. तुम्ही करार करा: ते इतके शिकाऊ उमेदवार घेतील, अमुक कामे शिकवतील, शिकवणाऱ्या जुन्या कामगाराला त्यासाठी वेळ देतील, आणि संस्थेचा निदेशक तिथे येऊन पाहू शकेल. त्या बदल्यात संस्था त्यांना काय देईल तेही लिहावे. अटी पाळल्या नाहीत तर पुढच्या वर्षी उमेदवार पाठवू नयेत, मग ती कंपनी कितीही मोठी असो.

कायद्यात लिहून घ्या

चांगला मंत्री असताना मिळालेला निधी पुढच्या मंत्र्याच्या काळात जातो. इंग्लंडमध्ये १९९८ पासून चालत आलेला संघटनांच्या शिक्षणकार्याचा सरकारी निधी २०२१ मध्ये बंद झाला, आणि ज्या योजना केवळ त्या निधीवर उभ्या होत्या त्या अडचणीत आल्या. शिक्षण-प्रतिनिधींचा २००२ च्या कायद्यातला हक्क मात्र टिकला. ब्राझीलच्या २००८ च्या कायद्यात संघीय संस्थांनी किमान ५० टक्के जागा माध्यमिक पातळीच्या तंत्रशिक्षणासाठी आणि किमान २० टक्के शिक्षक-प्रशिक्षणासाठी राखाव्यात, असे कलम आहे. हळूहळू विद्यापीठ बनून कामगारांच्या मुलांपासून दूर जाण्याची जी ओढ अशा प्रत्येक संस्थेत निर्माण होते, तिला हे कलम अडवते. तुमच्या हातात धोरण लिहिण्याची संधी आली, तर घोषणांपेक्षा अशी दोन-तीन कलमे मिळवावीत: जागांचा किमान वाटा, देखभालीच्या खर्चाचे किमान प्रमाण, आणि नियामक मंडळावर मालक, कामगार व निदेशक यांचे निश्चित प्रतिनिधित्व. प्रशिक्षणार्थींनाही तेथे जागा आणि मत असावे, नुसते निमंत्रण नव्हे.

वार्षिक अहवालात प्रवेशाच्या आकड्यांआधी पूर्ण करणाऱ्यांचे आकडे द्यावेत, आणि त्यानंतर शिकलेल्याच व्यवसायात किती जण कामाला लागले व किती मजुरीवर, हे द्यावे. हे आकडे पहिल्या वर्षी वाईट दिसतील. ते लपवू नयेत, कारण पुढच्या अंदाजपत्रकासाठी तुमच्याकडे त्याहून भक्कम पुरावा नसतो. आणि पद सोडण्याच्या किमान दोन वर्षे आधी, कारखान्यांतील तरुण प्रतिनिधींना आणि आपल्या निदेशकांना व्यवसाय समित्यांवर नेमून घ्यावे, अंदाजपत्रकाच्या बैठकीत त्यांना शेजारी बसवावे, आणि यंत्रावरच्या वेळेचे व कच्च्या मालाचे सत्रवार तक्ते त्यांच्याकडेच भरायला द्यावेत.